का थांबलास?



मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाट लागतो. आता गाड्या सुधारल्या, रस्ताही रुंद झाला. पण माझ्या लहानपणी घाट चढताना वळणावळणावर एखादा तरी ट्रक कडेला उभा दिसायचा. बॉनेट उघडलेलं, आतून वाफ निघते आहे, मागच्या चाकाला दगड लावलेला आणि क्लीनर डबा घेऊन पाण्याच्या शोधात गेलेला. ड्रायव्हर मात्र निवांत बिडी ओढत बसलेला असे. येणाजाणाऱ्यांपैकी कुणी त्याला भित्रा म्हणत नसे. इंजिन तापलं की थांबायचं, हे घाटातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

माझे वडील ट्रकमिस्त्री होते. द्वारकेच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं काम चाले. बंद पडलेली गाडी आली की अब्बांचे प्रश्न ठरलेले असत. कुठं थांबली? थांबण्याआधी आवाज कसा येत होता? काटा कुठवर गेला होता? हे सगळं ते शांतपणे विचारत, डॉक्टर विचारतो तसं. थांबलेल्या ड्रायव्हरवर त्यांनी आवाज चढवलेला मला आठवत नाही. ते चिडायचे ते तापलेलं इंजिन तसंच रेटत आणणाऱ्यावर. “थांबला असतास तर पाण्यावर भागलं असतं. आता सगळं इंजिन खोलावं लागेल,” असं म्हणत ते हात पुसायचे.

आज मला बोलायचं आहे ते शर्यतीविषयी, आणि शर्यतीत थांबलेल्या, मागे पडलेल्या माणसांविषयी. तुम्ही म्हणाल, कवितेच्या माणसाला शर्यतीचं काय? त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी थोडा इतिहास पाहू.

ऑस्ट्रियाचा निकी लाउडा १९७५ साली फॉर्म्युला वन मोटारशर्यतींचा जगज्जेता झाला. १९७६ मध्येही तोच पुढे होता. १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंगच्या शर्यतीत त्याची फेरारी उसळून पेटली. इतर चालकांनी त्याला आगीतून ओढून काढलं. चेहरा भाजला होता, विषारी धूर फुफ्फुसांत गेला होता. रुग्णालयात धर्मगुरूंनी येऊन त्याच्यावर अखेरचे संस्कारसुद्धा केले. हा माणूस सहा आठवड्यांनी, सप्टेंबरमध्ये, इटलीतल्या मॉन्झाच्या शर्यतीत पुन्हा गाडीत बसला. जखमा पुरत्या भरल्या नव्हत्या, डोक्याला पट्ट्या होत्या, तरी तो चौथा आला. त्या दिवशी वृत्तपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं.

मग आली वर्षातली शेवटची शर्यत. जपानमधल्या फुजी इथे, २४ ऑक्टोबर १९७६. लाउडाचे ६८ गुण, इंग्लंडच्या जेम्स हंटचे ६५. त्या दिवशी फुजीला धो धो पाऊस आणि धुकं. ट्रॅकवर पाणी साचलेलं, पुढच्या गाडीने उडवलेल्या फवाऱ्यात काही दिसत नव्हतं. भाजल्यामुळे लाउडाच्या पापण्याही नीट मिटत नव्हत्या. दोन फेऱ्या झाल्या आणि त्याने गाडी आत आणून उभी केली. हंट तिसरा आला, त्याचे ६९ गुण झाले आणि एका गुणाने विजेतेपद त्याच्याकडे गेलं.

यानंतर जे घडलं ते मला मूळ शर्यतीपेक्षा मोठं वाटतं. फेरारीचे प्रमुख अभियंता माउरो फोर्गिएरी यांनी लाउडापुढे तोड ठेवली की, इंजिनात बिघाड झाला असं आपण सांगू. मोठं सोयीचं उत्तर होतं ते. यंत्रावर ढकललं की माणूस सुटतो. लाउडाने नकार दिला. आपण आपल्या मर्जीने थांबलो, अशा पावसात गाडी चालवणं वेडेपणाचं होतं, हे त्याने सरळ सांगितलं. त्या दिवशी थांबणारा तो एकटाही नव्हता. एमर्सन फिटिपाल्डीसारखा दोन वेळचा जगज्जेताही पावसामुळे बाहेर पडला होता. पण जाब विचारला गेला तो लाउडालाच, कारण हरण्यासारखं सगळ्यांत जास्त त्याच्याकडे होतं. सहा आठवड्यांपूर्वी ज्या इटालियन वृत्तपत्रांनी त्याला शूर म्हटलं, त्यांतूनच त्याच्यावर टीकेची झोड उठली. तो भित्रा ठरला.

पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, तो फेरारीतूनच जगज्जेता झाला आणि मग फेरारी सोडून गेला. १९८४ साली तिसऱ्यांदा जिंकला, तेही ॲलन प्रॉस्टपेक्षा केवळ अर्धा गुण जास्त मिळवून. ज्याने एका गुणाने गमावलं, त्यानेच अर्ध्या गुणाने मिळवलं. २०१९ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी तो वारला.

थांबण्याचा आणखी एक प्रसंग आपल्या देशाशी जोडलेला आहे. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय म्हणजे कोइंबतूरचा नारायण कार्तिकेयन. साल २००५. त्याच वर्षी १९ जूनला अमेरिकेत इंडियानापोलिस इथे शर्यत होती. आदल्या दिवसांतल्या सरावात एका उतरत्या वळणावर टायर फुटून राल्फ शूमाकरला अपघात झाला. तपासाअंती मिशेलिन कंपनीने सांगितलं की, या वळणावर आमचे टायर टिकतील याची हमी आम्ही देऊ शकत नाही. तोडगा निघाला नाही. मग त्या टायरच्या चौदा गाड्या सुरुवातीच्या रांगेत उभं राहण्याआधीच आत निघून गेल्या आणि वीसपैकी सहाच गाड्या शर्यतीत धावल्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, बाटल्या फेकल्या. त्यांचंही अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांनी तिकिटाचे पैसे मोजले होते. पण त्या चौदा जणांपैकी कुणाचा जीव गेला असता तर त्याच प्रेक्षकांनी काय म्हटलं असतं?

त्या सहा गाड्यांत कार्तिकेयन चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. भारतीय चालकाला फॉर्म्युला वनमध्ये मिळालेले आजवरचे गुण एवढेच. आता या पाच गुणांचं काय करायचं? कुणी म्हणतं, सहा गाड्यांतला चौथा नंबर तो. कुणी म्हणतं, पाटीवर लिहिलं गेलं ते गेलं. कार्तिकेयनला हे दोन्ही आयुष्यभर ऐकावं लागणार.

याच कार्तिकेयनच्या वाट्याला २०१२ साली आणखी एक गोष्ट आली. मलेशियातल्या सेपांगला जगज्जेता सेबास्टियन वेटेल त्याला मागे टाकून पुढे जात असताना दोघांच्या गाड्या घासल्या. वेटेल चौथ्या क्रमांकावर होता. त्याचा टायर फाटला, तो अकरावा आला आणि हाती शून्य राहिलं. रागाच्या भरात जर्मन पत्रकारांसमोर त्याने कार्तिकेयनला काकडी म्हटलं. जर्मन भाषेत गचाळ गाडी चालवणाऱ्याला तसं म्हणण्याची रीत आहे. आपल्याकडे काकडी ही उन्हाळ्यात जिवाला थंडावा देणारी चीज, पण तिकडे तिची शिवी झाली. कार्तिकेयननेही सुनावलं. वेटेल स्वभावाने वाईट माणूस होता असं नाही. घामाने निथळत गाडीतून उतरायचं आणि चार पावलांवर माईक उभे. मनातला विस्तव विझायला जेवढा वेळ लागतो, तेवढा त्याला मिळालाच नाही.

लुईस हॅमिल्टनने वेगळी वाट धरली. १२ डिसेंबर २०२१ रोजी अबुधाबीत शेवटच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत त्याचं आठवं विजेतेपद हातातून गेलं. अपघातानंतर संथ धावणाऱ्या गाड्या पुन्हा कशा सोडायच्या, याबद्दल पंचांनी घेतलेला निर्णय जगभर गाजला. हॅमिल्टनने जिंकलेल्या मॅक्स व्हर्स्टापेनचं अभिनंदन केलं, वडिलांच्या मिठीत क्षणभर उभा राहिला, दोन शब्द बोलला आणि गप्प झाला. पत्रकार परिषदेला गेला नाही. पुढे जवळपास दोन महिने त्याने जाहीरपणे काही म्हटलं नाही. त्यावरूनही बोलणारे बोललेच. काही जणांनी तर त्याची निवृत्तीच जाहीर करून टाकली. फेब्रुवारीत तो परतला.

एकाने खरं सांगितलं, दुसऱ्याने राग ओकला, तिसरा गप्प राहिला. तिघांनाही ऐकून घ्यावं लागलं. मग या माणसांना सावरतं कोण?

मोटारशर्यतींविषयी वाचताना मला एक गोष्ट कळली आणि तिने मी थबकलो. शर्यत संपली की चालकाला दोन ठिकाणी जावं लागतं. आधी वार्ताहरांसमोर. तिथून सुटला की आपल्या संघाच्या अभियंत्यांच्या बैठकीत. त्या बैठकीत शर्यतीची फेरी न् फेरी उलगडली जाते. ब्रेक कुठे दाबला, टायर कधी तापले, कोणत्या वळणावर गाडी घसरली, हे सगळं यंत्रांनी नोंदलेलं असतं आणि चालकाने सांगितलेल्या अनुभवाशी ते ताडून पाहिलं जातं. गंमत अशी की दोन्हीकडे प्रश्न एकच असतो, काय झालं? पण पहिल्या ठिकाणी अनेकदा त्या प्रश्नाला दोषी हवा असतो. दुसऱ्या ठिकाणी त्याला कारण हवं असतं, कारण पंधरा दिवसांनी पुन्हा धावायचं असतं. तिथे चूक लपवून चालत नाही आणि चूक सांगितली म्हणून कुणी हसतही नाही.

हे वाचलं आणि मला अब्बांची पत्र्याची शेड आठवली. काटा कुठवर गेला होता?

आता आपल्या नाशिककडे येतो. आपल्या जिल्ह्याने मोटारींचा जगज्जेता दिला नसेल, पण पायांनी आणि वल्ह्यांनी शर्यती करणारी माणसं दिली. हरसूल भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत नाशकात विजेंदर सिंग यांच्या हाताखाली तयार झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. मिल्खासिंगांच्या १९५८ च्या सुवर्णानंतर त्या स्पर्धेत धावपट्टीवर भारताला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक पदक. पुढच्याच महिन्यात चीनमध्ये आशियाई स्पर्धेत रौप्य. सावरपाडा एक्स्प्रेस हे नाव घराघरांत पोचलं.

तीच कविता २०१६ च्या ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. त्याच वर्षी फेब्रुवारीत गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने दोन तास अडतीस मिनिटांत सुवर्ण जिंकलं होतं. रिओत तिला सुमारे दोन तास एकोणसाठ मिनिटं लागली आणि ती एकशे विसावी आली. तिच्यासोबत धावलेली ओ. पी. जैशा शर्यत संपताच कोसळली. वाटेत आपल्या देशाच्या टेबलांवर पाणी द्यायला कुणी नव्हतं, असं जैशाने मागाहून सांगितलं, ॲथलेटिक्स महासंघाने ते नाकारलं, आणि वाहिन्यांवर त्याचा खल सुरू झाला. कविताने मात्र आपली तशी तक्रार नसल्याचं सांगितलं. तेवढ्यावरून तिची बाजू कोणती, याची चर्चा झाली. एकवीस मिनिटं कुठे गेली, हे तिला शांतपणे विचारणारे किती होते? त्याच दिवसांत आपले खेळाडू रिओला नुसते छायाचित्रं काढायला जातात, अशा अर्थाची शेरेबाजीही झाली होती. बेचाळीस किलोमीटर धावून आलेल्या बाईला ती कशी लागली असेल?

रिओला आपल्या जिल्ह्यातला आणखी एक गडी होता, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. पाण्याचं दुर्भिक्ष असलेला तो भाग. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा हा मुलगा सैन्यात गेला आणि तिथे नौकानयन शिकला. ज्याने पाण्यासाठी जमीन खोदली, तो पाण्यावर शर्यत करू लागला. रिओत एकेरी नौकानयनात तो तेरावा आला.

२०१८ ची आशियाई स्पर्धा इंडोनेशियात होती, नौकानयन पालेमबांगला. २३ ऑगस्टला एकेरीच्या अंतिम शर्यतीत दत्तूकडून मोठी आशा होती. पण तो आजारी होता. अंगातलं बळच गेलं आणि तो सहावा, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच दत्तू स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या नौकेत बसला आणि त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. एका रात्रीचं अंतर होतं. त्या रात्री त्याच्या मनात काय चाललं असेल, याची नोंद कुठल्या निकालपत्रात नाही. मला तर कधी कधी वाटतं, खेळाचा खरा इतिहास अशा रात्रींचाच असतो.

इथेही गोष्ट संपली नाही. २०१९ मध्ये त्या एकेरीच्या शर्यतीवरून राष्ट्रीय नौकानयन महासंघाने दत्तूवर दोन वर्षांची बंदी घातली. आपण आजारी होतो, हे त्याचं म्हणणं होतं. जानेवारी २०२० मध्ये बंदी उठवली गेली आणि त्याच वर्षीच्या अर्जुन पुरस्कारांत त्याचं नाव आलं. आजार आधी का सांगितला नाही, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण सांगण्याची भीती कुठून येते, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे.

कारण ती भीती मी माझ्या घरात निर्माण केली होती. सुरुवातीला राखून ठेवलेलं उत्तर ते हेच.

२०१० च्या हिवाळ्यात कविताच्या पदकानंतर नाशकात कितीतरी पोरं पहाटे मैदानावर धावायला लागली. त्यात माझा मुलगाही होता, नववीतला. चांगला धावायचा. मी त्याला नवे बूट आणून दिले, आणि मोहल्ल्यात सगळ्यांना सांगत सुटलो. शालेय स्पर्धेत तीन हजार मीटरची शर्यत होती. साडेसात फेऱ्या. चार ओळखीच्यांना घेऊन मी बघायला गेलो. चौथ्या फेरीपर्यंत तो दुसरा होता. पाचव्या फेरीत हळू झाला, लंगडल्यासारखा चालला आणि पट्ट्याच्या बाहेर येऊन बसला. मी कठड्याजवळ जाऊन सगळ्यांसमोर ओरडलो, “क्यूँ रुका?” तो मान खाली घालून बसला. घरी येईपर्यंत मी तेच तीन-चार वेळा विचारलं. त्याला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाही. त्यानंतर तो धावला नाही. मीही विषय काढला नाही. एवढंच की, मैदानावरून जाताना आम्ही दोघं दुसरीकडे बघायचो.

पुढे काही वर्षांनी टीव्हीवर एक इंग्रजी चित्रपट लागला होता, लाउडा आणि हंट यांच्यावरचा, ‘रश’ नावाचा. मुलगा तेव्हा कामाला लागला होता. आम्ही दोघं बघत बसलो. फुजीचा पाऊस आला, लाउडाने गाडी आत घेतली, आणि मुलगा टीव्हीकडेच बघत म्हणाला, “अब्बा, ये भी रुक गया.”

मी टीव्हीचा आवाज कमी केला. आणि इतक्या वर्षांनी, माझ्या अब्बांच्या आवाजात विचारायचा प्रयत्न केला की, त्या दिवशी थांबायच्या आधी काय झालं होतं?

तो थोडा हसला. बूट मोठे होते, म्हणाला. पुढच्या वर्षीही चालतील म्हणून मी एक नंबर वरचे घेतले होते. आत कागद कोंबून तो सराव करायचा. शर्यतीत कागद सरकला, टाच सोलून निघाली, मोजा रक्ताने भिजला. “मग सांगितलं का नाहीस?” मी विचारलं. तो म्हणाला, तुम्ही बूट किती कौतुकाने आणले होते.

श्रोतेहो, मी शब्दांत आयुष्य काढलेला माणूस. पण त्या दिवशी मला मिस्त्रीच्या पोराला शोभेल असा एक साधा प्रश्न विचारता आला नव्हता. पंधरा मिनिटांत कळलं असतं ते कळायला कितीतरी वर्षं लागली. एक नंबर लहान बूट आणले असते तर तो पुढे कविता राऊतसारखा धावला असता असं मी म्हणत नाही. कदाचित दहावीनंतर त्याने सोडलंही असतं. पण सोडायचं की नाही, हे त्याने ठरवलं असतं.

हल्ली माझा नातू घरात तीनचाकी सायकल पळवतो. मध्येच थांबतो, उतरतो, चाकाकडे बघतो. माझा मुलगा त्याच्याजवळ जाऊन बसतो आणि विचारतो, “काय झालं रे? आवाज येतोय का?” मग दोघं मिळून चाक फिरवून बघतात. मी दारातून ऐकत असतो.

वर्तमानपत्रं प्रश्न विचारणारच, विचारावेतच, तो त्यांचा धर्म आहे. लाउडाला, कविताला, दत्तूला ते विचारले गेले आणि ती माणसं आपापल्या परीने त्यातून उठली. आपल्या घरातली, शाळेतली पोरं तेवढी निबर नसतात. उद्या निकाल लागेल, सामना होईल, मुलाखत होईल. कुणीतरी मागे पडेल, कुणीतरी मध्येच थांबेल. त्याच्याजवळ जाल तेव्हा कसारा घाट आठवा. आधी बॉनेट उघडू द्या, वाफ जाऊ द्या. मग विचारा, काटा कुठवर गेला होता?